कॅथलिक यंग अडल्ट ग्रुपशी जोडलेलं राहायचं कसं

दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, कॉलेज संपलं, नोकरी लागली, आणि मग कधीतरी लक्षात येतं की चर्चच्या तरुणांच्या (यंग अडल्ट) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण अजून आहोत पण प्रत्यक्ष जाऊन किती महिने झाले तेच आठवत नाही. खूप जणांचं असं होतं. आणि त्यातल्या बहुतेकांची श्रद्धा वगैरे गेलेली नसते, कोणाशी भांडणही झालेलं नसतं, फक्त एक आठवडा चुकतो, मग दुसरा, मग जायला अवघडल्यासारखं वाटायला लागतं, आणि कोणी विचारतही नाही. माझ्या मते या सगळ्यात ते शेवटचंच खरं कारण आहे, कोणी विचारलं नाही.

म्हणून पूर्ण लेखात मला एकच गोष्ट सांगायचीय, बाकी सगळं त्यातूनच येतं: आपण आलो नाही तर कोणाला तरी कळलं पाहिजे, अशा जागी स्वतःला ठेवा. आणि दुसरं कोणी आलं नाही तर ते तुम्हाला कळलं पाहिजे. कार्यक्रम किती भारी आहेत, बँड कसा आहे, स्पीकर कोण येतोय याने माणूस दोनचार वेळा येतो, टिकत नाही.

आधी एक छोटं काम घ्या

ग्रुपमध्ये टिकायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एखादं काम अंगावर घेणं, आणि ते काम छोटं, ठरलेलं आणि तारखेचं असलं पाहिजे. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कारण कोणीच सांगत नाही आणि तुम्हीही सुटता. त्यापेक्षा कोऑर्डिनेटरला सरळ मेसेज टाका: "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेत पहिलं वाचन मी करेन, नाव लिहून टाक." (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तिच्यात बायबलमधले उतारे वाचले जातात.) किंवा मीटिंगआधी हॉल उघडून खुर्च्या मांडायचं, प्रोजेक्टर लावायचं, गाण्यांचे शब्द स्क्रीनवर टाकायचं, नवीन आलेल्यांना दारात भेटायचं, यातलं काहीही एक. खुर्च्या मांडणारा आला नाही तर पंधरा मिनिटांत कळतं, मागच्या रांगेत बसून निघून जाणारा सहा महिने आला नाही तरी कळत नाही.

वाचन घेतलं तर नीट घ्या. रविवारचं वाचन कुठलं आहे ते आधीच ठरलेलं असतं, तर गुरुवारी एकदा काढून मोठ्याने वाचा, जुन्या करारातली नावं जीभ अडखळणार नाही इतपत घोटा, वाक्य कुठे तुटतं ते पेन्सिलने खूण करा, आणि मग शनिवारी पुन्हा एकदा वाचा. यात एक फायदा असा की तोच उतारा तीन दिवस डोक्यात राहतो आणि मिस्सेत प्रवचन ऐकताना तुम्ही आधीच अर्धं अंतर चाललेले असता. ज्याला बायबल वाचायची सवय लागत नाही त्याला मी नेहमी हेच सांगते, वाचकांच्या यादीत नाव घाला.

फक्त एक सांभाळा. उत्साहात पहिल्याच महिन्यात कोऑर्डिनेटर, सोशल मीडिया आणि क्वायर असं सगळं घेऊ नका. ग्रुपमध्ये मनुष्यबळ कायम कमी असतं त्यामुळे हो म्हणणाऱ्याच्या गळ्यात सगळं पडतं, आणि वर्षभरात तोच माणूस दमून गायब होतो. एक काम, आणि ते मात्र न चुकता.

मिस्सा सोडून ग्रुप नाही

हे थोडं कडक वाटेल पण मला मनापासून वाटतं की ज्या ग्रुपचा मिस्सेशी संबंध सुटतो तो हळूहळू मित्रमंडळ होतो. मित्रमंडळ वाईट नाही, पण ते मित्र पांगले की संपतं. बायबलमधल्या "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकातला अध्याय २, ओवी ४२ काढून बघा, पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या चार गोष्टी तिथे एका दमात सांगितल्यात: प्रेषितांची शिकवण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. सहवास यादीत आहे, पण एकटा नाही.

प्रत्यक्षात काय करायचं तर आपल्या ग्रुपमधले बरेच जण ज्या मिस्सेला जातात त्याच मिस्सेला जा, शक्यतो त्याच बाजूला बसा, आणि मिस्सा संपल्यावर लगेच गाडीची किल्ली काढू नका, दहा मिनिटं थांबा. खरं बोलणं तिथेच होतं. मीटिंगमध्ये सगळे विषयावर बोलतात, मिस्सेनंतर बाहेर उभं राहून मात्र कोणीतरी सांगतं की आईचं ऑपरेशन आहे.

रविवारी ड्युटी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचं कर्तव्य पूर्ण करते, कॅनन लॉच्या (म्हणजे चर्चच्या कायद्याच्या) १२४८व्या नियमात ते स्पष्ट आहे. त्यामुळे "माझं शिफ्टचं काम आहे, मला जमतच नाही" असं ठरवून टाकण्याआधी आसपासच्या सगळ्या चर्चच्या वेळा एका जागी लिहून काढा, पहाटेची, रात्रीची, दुसऱ्या भाषेतली सुद्धा. आजारी माणसाला ऑनलाइन मिस्सा मोठा आधार आहे, पण ज्याला चालत जाता येतं त्याच्यासाठी ती पर्याय नाही. स्क्रीनसमोर ख्रिस्तशरीर (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) स्वीकारता येत नाही आणि शेजारी कोणी नसतं.

कन्फेशनबद्दल (फादरांसमोर पापांची कबुली) एवढंच, महिन्यातला एक वार ठरवून टाका. ग्रुपचे चॅप्लन (ग्रुपसाठी नेमलेले फादर) रोज भेटतात म्हणून त्यांच्यासमोर लाज वाटत असेल तर दुसऱ्या फादरांकडे जा, काहीच हरकत नाही. कन्फेशनमधलं कुठल्याही कारणाने बाहेर सांगायला फादरांना पूर्ण बंदी आहे, त्यामुळे ती भीती तर नकोच. ग्रुप म्हणून दोनतीन जणांनी मिळून जायचं ठरवलं तर जास्त टिकतं, एकट्याने ठरवलं की पुढच्या शनिवारी ढकललं जातं.

नवीन ग्रुपमध्ये पहिल्यांदा जाताना

पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना ओळखतात, त्यांचे जुने जोक असतात आणि आपण कोपऱ्यात फोन बघत उभे. हे सगळीकडे होतं, यावरून ग्रुप चांगला की वाईट ठरवू नका. निदान तीन वेळा जा, मग ठरवा. जायच्या आधी कोऑर्डिनेटरला किंवा इन्स्टा पेज चालवणाऱ्याला मेसेज करा की "मी पहिल्यांदा येतोय, कोणाला ओळखत नाही, आल्यावर कोणाला भेटू?" या एका मेसेजने खूप फरक पडतो कारण आता आत कोणीतरी तुमची वाट बघतंय. आणि सुरुवातीपेक्षा पंधरा मिनिटं आधी पोचा, उशिरा पोचलात तर वर्तुळ आधीच बसलेलं असतं.

जे मितभाषी आहेत त्यांना मोठ्या मीटिंगपेक्षा आराधना किंवा सेवेचं काम जास्त सोपं जातं. पवित्र साक्रामेंतासमोर (वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तशरीरासमोर) तासभर गप्प बसायला ओळख लागत नाही, आणि हाताला काम असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. तिथून आत शिरा.

तीनचार जणांचा छोटा गट

आता मुख्य मुद्दा. चाळीस जणांचा ग्रुप तुम्हाला सांभाळू शकत नाही, कोणालाच नाही. तुम्हाला सांभाळणार ती तीनचार माणसं, ज्यांना तुमचं खरं माहितेय. त्यामुळे मोठ्या ग्रुपच्या आत एक छोटा गट करा.

यात मला संत पिएर जॉर्जो फ्रासाती खूप जवळचे वाटतात. इटलीतल्या ट्युरिनचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डोंगर चढायचं वेड, रोज मिस्सा, गरिबांच्या घरी जाणं, आणि मित्रांमध्ये सगळ्यात जास्त हसणारा आणि हसवणारा. १९२४मध्ये त्याने जवळच्या मित्रमैत्रिणींची एक टोळी केली, नाव ठेवलं इटालियनमध्ये तिपी लोस्की, म्हणजे साधारण "संशयास्पद मंडळी". ट्रेकला जायचे, एकमेकांना मजेशीर पत्रं लिहायचे, पण त्याच्या आत एक पक्का धागा होता, एकमेकांसाठी प्रार्थना. शिक्षण संपत आलं आणि मित्र वेगवेगळ्या वाटांना लागायला लागले तेव्हा, १९२५च्या सुरुवातीला, त्याने एका मित्राला लिहिलं की आपण असा करार करू ज्याला जागेची आणि काळाची हद्द नसेल, प्रार्थनेतली एकी. त्याच वर्षी जुलैमध्ये, २४व्या वर्षी, पोलिओने तो गेला. ७ सप्टेंबर २०२५ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला कार्लो अकुतिस या दुसऱ्या तरुणासोबत संत घोषित केलं. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की त्याने मित्र पांगायच्या आधीच करार केला. आपण पांगल्यावर म्हणतो, अरे आपण भेटलं पाहिजे यार.

तर तो करार आजच्या काळात कसा करायचा? आठवड्यातून एक कॉल किंवा भेट, वार आणि वेळ पक्की, पाऊण तास. सुरुवात क्रुसाच्या खुणेने आणि एका मिनिटाच्या शांततेने. मग येत्या रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाबद्दलचा बायबलमधला उतारा) एकाने वाचायचं, दुसऱ्याने तेच परत वाचायचं, घाई न करता. मग प्रत्येकाने कुठला शब्द किंवा ओळ अडकली तेवढंच सांगायचं. प्रवचन द्यायचं नाही आणि दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका नाहीतर एक जण बोलत सुटतो आणि बाकीचे म्यूटवर जातात. त्यानंतर या आठवड्यात काय चाललंय, आणि प्रत्येकाचा एक प्रार्थनेचा हेतू. शेवटी सगळ्यांनी मिळून "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही प्रार्थना. वेळेवर बंद करा, बोलणं रंगलेलं असलं तरी. वेळेवर संपणारी गोष्ट माणूस पुढच्या आठवड्यातही करतो, दोन तास लांबलेल्या कॉलनंतर पुढच्या वेळी पोटात गोळा येतो.

हेतू वहीत लिहा. नुसतं "हो हो प्रार्थना करतो" नाही, लिहा. आणि पुढच्या कॉलला पहिलं तेच विचारा: "तुझ्या मंगळवारच्या इंटरव्ह्यूचं काय झालं?" कोणीतरी मंगळवार लक्षात ठेवला होता हे ऐकून समोरच्याच्या आवाजात जो बदल होतो तो एकदा ऐका.

शुभवर्तमान का घ्यायचं, दुसरं पुस्तक का नाही? कारण रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात सगळ्या जगात जवळपास सारखीच असतात, एक वर्ष मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक, आणि २०२५च्या आगमनकाळापासून (नाताळच्या आधीचे चार आठवडे) पुन्हा मत्तयचं वर्ष सुरू झालं. म्हणजे गटातला एक जण दुसऱ्या देशात गेला तरी रविवारी तो तिथल्या चर्चमध्ये तोच उतारा ऐकणार जो तुम्ही गुरुवारी कॉलवर वाचला. तयारीला कोणाला वेळ द्यावा लागत नाही, कोर्स संपला म्हणून गट बंद पडत नाही.

आणि गटातलं बोलणं गटात राहिलं पाहिजे. एखाद्याने दारूबद्दल किंवा घरच्या भांडणाबद्दल सांगितलं आणि ते "प्रार्थनेची विनंती" म्हणून मोठ्या ग्रुपवर पडलं, तर तो माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय

ठेवा, पण माहितीसाठी. वेळ, जागा, बदल, कोण येतंय. सकाळच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड यांनी ग्रुप म्यूट होतो, आणि एकदा म्यूट झाला की मग खरा निरोपही कोणी बघत नाही. वैयक्तिक बोलायचं असेल तर वैयक्तिक मेसेज. मला वाटतं पाच वैयक्तिक मेसेज हे पन्नास ग्रुप मेसेजपेक्षा जास्त काम करतात: "तू दोन आठवडे दिसली नाहीस, बरी आहेस ना?" एवढंच. लिंक नाही, पोस्टर नाही, पुढच्या इव्हेंटचं आमंत्रण नाही. लांब राहणाऱ्या मित्रासाठी अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट, त्यात त्याचं नाव घेऊन केलेली छोटी प्रार्थना.

गाव किंवा शहर बदललं तर

सगळ्यात जास्त लोक इथे सुटतात. बॅग भरली, नवीन ठिकाणी गेले, पहिले दोन रविवार सामान लावण्यात गेले आणि मग ते तसंच राहिलं.

निघायच्या आधीच काम करा. आपल्या फादरांना विचारा की त्या भागात कोणी ओळखीचं आहे का, ज्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) राहायला जाणार तिचं नाव आणि मिस्सेच्या वेळा शोधा, युनिव्हर्सिटीत जाणार असाल तर तिथे कॅथलिक चॅप्लन्सी आहे का बघा. पोचल्यावर पहिल्याच रविवारी जा. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीपाशी (फादर तयार होतात त्या खोलीपाशी) किंवा ऑफिसमध्ये जाऊन सांगा की मी नवीन आलोय आणि अमुक पत्त्यावर राहतो. लोकांना वाटतं आपण तिथले पाहुणे आहोत, "माझी पॅरिश तर घरची." पण चर्चच्या कायद्याप्रमाणे तुम्ही एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने राहायच्या इराद्याने आलात, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिलात, की ती पॅरिश तुमचीही होते आणि तिथले प्रमुख धर्मगुरू तुमचेही. तेव्हा हक्काने जा.

कागदांचं एक सांगून ठेवते. बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला त्याच चर्चच्या रजिस्टरमध्ये पुढे दृढीकरण आणि लग्नाचीही नोंद होते, त्यामुळे लग्नाच्या वेळी तिथूनच नवीन दाखला मागवावा लागतो. त्या चर्चचं पूर्ण नाव, पत्ता आणि बाप्तिस्म्याची तारीख फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

जुन्या ग्रुपचं काय करायचं हा अवघड प्रश्न. माझं मत असं की आठवड्याची कम्युनिटी जिथे तुम्ही राहता तिथेच हवी. जुन्या मित्रांच्या ऑनलाइन मीटिंगवर जगलात तर नवीन ठिकाणी कधी मूळ धरणार नाही, तापाने पडलात तर दार वाजवायला कोणी नसेल. पण जुनी माणसं सोडायचीही नाहीत, त्यांच्यासाठी महिन्यातून एक कॉल, वाढदिवस, आगमनकाळ आणि ईस्टरला एक मोठा मेसेज.

संत फ्रान्सिस झेवियर यांचं मला इथे आठवतं. पॅरिसमध्ये शिकताना ते इग्नेशियस (पुढे जेझुइट संघ काढणारे) आणि पीटर फेबर यांच्यासोबत एका खोलीत राहायचे, १५ ऑगस्ट १५३४ला सात मित्रांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर मिळून नवस घेतला, आणि १५४१च्या एप्रिलमध्ये झेवियर लिस्बनहून जहाजाने पूर्वेला निघाले. मग त्या मित्रांची पुन्हा भेट नाही. पत्र यायलाच वर्ष-दोन वर्षं लागायची. १५४६मध्ये पार आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरून त्यांनी मित्रांना लिहिलं की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्यात आणि माझ्या नवसाच्या कागदासोबत कायम अंगावर बाळगतो. आणि त्याच वेळी ते जिथे होते तिथल्या लोकांची भाषा शिकत होते, त्यांच्यात राहत होते, आजाऱ्यांकडे जात होते. दोन्ही एकत्र होऊ शकतं. तुमच्या मित्रांच्या हातचं काहीतरी, एखादी चिठ्ठी, रिट्रीटला (प्रार्थनेच्या शिबिरात) लिहिलेलं कार्ड, बायबलमध्ये ठेवा आणि प्रार्थनेला बसलात की त्यांची नावं घ्या.

जे दिवस अजिबात जमत नाही

परीक्षा असते, नाइट शिफ्ट असते, घरात कोणी आजारी असतं, बाळ झालेलं असतं. या काळात सगळं करायला गेलात तर सगळंच सुटेल, म्हणून कमीत कमी काय ते आधीच ठरवा. माझ्या मते ते असं: रविवारची मिस्सा, रात्री झोपताना पाच मिनिटांची प्रार्थना, आणि छोट्या गटातल्या एकाला आठवड्यातून एक मेसेज. बाकी सगळं सोडलं तरी चालेल, आणि ग्रुपला तसं सांगा: "मे महिन्यापर्यंत मी मीटिंगला येणार नाही, जूनमध्ये येते, माझं खुर्च्यांचं काम तोपर्यंत कोणी घेईल का?" सांगून थांबलेल्या माणसाला परत यायला अवघड जात नाही.

ज्यांचं लग्न झालंय त्यांच्यासाठी वेगळं बोलायला हवं. बरेच यंग अडल्ट ग्रुप नकळत अविवाहितांचे असतात, मीटिंग रात्री उशिरा, सगळं अचानक ठरतं. लग्न झालं की जोडपं आपोआप बाहेर पडतं आणि ग्रुपही अनुभवी माणसं गमावतो. ग्रुप चालवणाऱ्यांनी महिन्यातली एक भेट तरी दिवसा ठेवावी, मुलं घेऊन येता येईल अशी. आणि नवीन जोडप्यांनी आपल्यासारख्या दोनतीन जोडप्यांचा छोटा गट करावा, पद्धत वर सांगितली तीच.

खूप दिवसांनी परत जायचं असेल तर

जा. कारण शोधून ठेवू नका, कोणालाही स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. एका माणसाला मेसेज करा, "या रविवारी येतेय, माझ्याशेजारी बसशील?" बस्स. मध्ये बराच काळ गेला असेल आणि कन्फेशन राहिलं असेल तर फादरांना पहिलं वाक्य तेच सांगा, "खूप दिवसांनी आलोय, कसं करायचं विसरलोय", ते पुढे मदत करतात.

आणि जे आत आहेत त्यांनी परत आलेल्याला "अरे वा, आज सूर्य कुठे उगवला" असलं काही बोलू नये. गंमत म्हणून बोलतो आपण, पण दारातून आत यायला त्याला किती बळ लागलंय ते आपल्याला माहीत नसतं. "बरं वाटलं तुला बघून, ये इथे बस" एवढं बोला आणि जागा करा.

दुखावलं गेल्यावर

कम्युनिटी म्हटली की माणसं आली आणि माणसं दुखावतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे ग्रुपमधल्याच दोघांचं जमतं आणि मग तुटतं, आणि दोघांपैकी एक जण ग्रुपच सोडतो. यावर उपाय आहे: काही आठवडे दोघांनी वेगवेगळ्या टीममध्ये काम करा, हवं तर वेगवेगळ्या वेळच्या मिस्सेला जा, आणि मित्रांनी बाजू घेणं बंद करा. पण दोघांचाही छोटा गट चालू राहिला पाहिजे, कारण नेमकं तेव्हाच त्याची गरज असते.

शंका येत असतील तरीही ग्रुप सोडू नका. प्रार्थना कोरडी वाटतेय, चर्चच्या एखाद्या शिकवणुकीवर राग आहे, देव आहे की नाही असंच वाटतंय, तर ते विश्वासातल्या एका फादरांना, सिस्टरांना किंवा मोठ्या माणसाला सांगा. सगळं पटल्यावरच येईन असं ठरवलंत तर एकट्याने लढत बसाल.

मात्र एक गोष्ट गंभीरपणे. काही ग्रुप, काही लीडर चुकीचे असतात. कोणी तुम्हाला घरच्यांपासून तोडतंय, पैसे मागतंय, तुमच्या प्रत्येक निर्णयात हात घालतंय, "हे कोणाला सांगू नकोस" म्हणतंय, किंवा "देवाने मला सांगितलंय की तू कॉन्व्हेंटमध्ये जायला हवंस" असा दबाव टाकतंय, तर तिथून निघा. आयुष्यात कुठली वाट निवडायची यात कोणाचीही जबरदस्ती चालत नाही, हा तुमचा हक्क कॅनन लॉच्या २१९व्या नियमात लिहिलेला आहे. २०१८ला रोममध्ये तरुणांच्या विषयावर बिशपांची सिनड (सभा) झाली आणि २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून लिहिलं, त्यातही सोबत करणाऱ्याबद्दल हेच आहे की त्याने तरुणांना मुकाट मागे चालणारे करू नये, त्यांच्या बरोबरीने चालावं, आणि आपल्या मर्यादा ओळखाव्यात. गैरवर्तन झालं असेल तर धर्मप्रांताकडे (बिशपांच्या कार्यालयाकडे) आणि गरज असेल तर पोलिसांकडे तक्रार करा. एक ग्रुप सोडणं म्हणजे चर्च सोडणं नाही, शेजारच्या पॅरिशमध्ये जा.

एकत्र सेवा

नुसत्या मीटिंगवर चालणारा ग्रुप काही दिवसांनी स्वतःभोवतीच फिरायला लागतो, यावर सेवेसारखं औषध नाही. १८३३मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मूठभर विद्यार्थी मित्रांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली तेव्हा तो २० वर्षांचा होता. चर्चवर टीका करणारे विचारायचे की तुम्ही आज नेमकं करता काय, आणि यांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. आजही ती जगभर आहे आणि घरभेटीला दोघं मिळून जायची पद्धत आहे. ती आपल्यालाही सोयीची: एकटे राहणारे आजीआजोबा, हॉस्पिटलमधले पेशंट, कोणाकडेही जा पण जोडीने जा, महिन्यातून दोनदा, आणि त्याच माणसाकडे परत परत. फ्रासातीही याच सोसायटीत होता. मरणाच्या आदल्या दिवशी हात लुळा पडत चाललेला असताना त्याने वाकड्यातिकड्या अक्षरात एक चिठ्ठी लिहिली, एका गरीब माणसाची इंजेक्शनं पोचवायची राहिली होती ती पोचवा म्हणून. इतक्या बारीक गोष्टीची आठवण एखाद्याकडे नेमाने गेल्याशिवाय राहत नाही.

मोठे कार्यक्रम आणि त्यानंतरचा सोमवार

जागतिक युवा दिनाला (जगभरातल्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला) जमलं तर जरूर जा, पुढचा आंतरराष्ट्रीय मेळावा दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये ३ ते ८ ऑगस्ट २०२७ला आहे. नाही जमलं तर नोव्हेंबरमधल्या ख्रिस्तराजाच्या सणाच्या रविवारी धर्मप्रांताच्या पातळीवरही तो साजरा होतो, २०२१पासून तो दिवस ठरलाय. रिट्रीट, तीर्थयात्रा, युवा संमेलन, यांत मिळतं ते खरंच असतं, ते रडणं आणि गाणं खोटं नसतं. पण सोमवारी ऑफिसमध्ये गेलं की तीन दिवसांत ते उतरतं आणि माणसाला वाटतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. कमी काही नसतं, फक्त पुढचं काही ठरलेलं नसतं.

म्हणून परतीच्या बसमध्ये सगळे झोपायच्या आत तीन गोष्टी ठरवा: छोट्या गटात कोण कोण, पहिला कॉल कुठल्या वारी किती वाजता, आणि त्या दिवशी शुभवर्तमान कोण वाचणार. कोऑर्डिनेटरने ते तिथल्या तिथे कॅलेंडरमध्ये टाकावं आणि ज्याच्याकडे वाचन आहे त्याने बसमधून उतरायच्या आधी "हो" लिहावं.